परमँगनेट: कुठे ५ इलेक्ट्रॉन, कुठे ३, आणि का

रेडॉक्स समीकरणं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीची समीकरणं, जुळवताना एक समज हमखास आढळतो: आम्लारिधर्मी माध्यमात हायड्रॉक्साइड (OH⁻) मिळवले, की परमँगनेट (MnO₄⁻) घेतं ते ५ इलेक्ट्रॉन ३ होतात. तसं नाही. आकडा बदलतो तो उत्पादित, म्हणजे तयार होणारा पदार्थ, बदलल्यामुळे.

आम्लात मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक +७ वरून थेट +२ वर उतरतो. परमँगनेटमधल्या ४ ऑक्सिजनसाठी उजवीकडे पाण्याचे ४ रेणू, त्यांच्या ८ हायड्रोजनसाठी डावीकडे ८ एच-प्लस (H⁺). आता डावीकडचा एकूण प्रभार (परमँगनेटचा −१ आणि एच-प्लसचे +८) +७, उजवीकडचा +२. म्हणून डावीकडे ५ इलेक्ट्रॉन. ते शेवटीच मांडायचे. एच-प्लस लिहिण्याआधी प्रभार जुळवायला गेलात तर −१ चे +२ करायला ३ इलेक्ट्रॉन लागतात, तेही उजवीकडे! क्षपणाचं (इलेक्ट्रॉन घेण्याचं) ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणं) होऊन बसतं, आणि हा ३ योगायोगाचा असला तरी गोंधळ पक्का करतो.

उदासीन किंवा सौम्य आम्लारिधर्मी द्रावणात मँगनीज +४ वर थांबतं. तयार होतं मँगनीज डायऑक्साइड, भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतल्या काळ्या खनिजातलं तेच संयुग. आधी आम्लासारखंच सोडवा: ४ एच-प्लस, ३ इलेक्ट्रॉन, उजवीकडे २ पाणी. मग दोन्ही बाजूंना ४ हायड्रॉक्साइड मिळवा. डावीकडे एच-प्लसशी मिळून त्यांचे ४ पाणी होतात, २ कटतात. उरतात डावीकडे २ पाणी, उजवीकडे ४ हायड्रॉक्साइड. इलेक्ट्रॉन आधीही ३, नंतरही ३. दोन्हीकडे प्रभार −४ आला की गणित बरोबर.

प्रॅक्टिकलला हा फरक थेट ब्युरेटवर (परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायच्या मापनळीवर) दिसतो. ०.१ मोलर फेरस द्रावण (प्रत्येकी १ इलेक्ट्रॉन देणाऱ्या लोह आयनांचं) १० मिली घेतलं, तर ०.०२ मोलर परमँगनेट १० मिली लागतं. आम्ल कमी पडून सगळी अभिक्रिया डायऑक्साइडवर अडली, तर १६.७ मिली लागेल. प्रत्यक्षात वाचन या दोहोंच्या मधे कुठेतरी येतं, म्हणून तर ते कशालाच जुळत नाही. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा दिसला की ते वाचन सोडा आणि नव्याने करा, यावेळी विरल सल्फ्युरिक आम्ल आधी आणि भरपूर घालून. हायड्रोक्लोरिक चालत नाही, त्यातल्या क्लोराइडचं क्लोरीन होण्यात परमँगनेट खर्ची पडतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक, ते फेरसवर आधीच हात मारतं.