पेशींवरचे ऊर्जा-उपचार: पहिला निकाल आणि साठावा

ऊर्जा-उपचाराने, म्हणजे हात जवळ धरून ‘ऊर्जा’ देण्याच्या उपचाराने बरं वाटलं, असं माणूस सांगतो तेव्हा त्यात प्लासिबोचा, म्हणजे नुसत्या विश्वासाने बरं वाटण्याचा वाटा किती, हे ठरवणं अवघड असतं. कुणी आस्थेने जवळ बसलं तरी दुखणं थोडं कमी जाणवतं. म्हणून काही संशोधक बशीत वाढवलेल्या पेशींकडे वळले. पेशींची कशावरच श्रद्धा नसते.

पण बाकी सगळं पेशींना जाणवतं. त्या वाढतात ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये. बशी बाहेर राहिली की पेशी ज्यात वाढतात त्या द्रावणातला वायू निघून जातो, आम्लता घटते आणि त्याचा तांबडा रंग जांभळट व्हायला लागतो. उपचार करणाऱ्याने बशीवर धरलेल्या तळव्यांची ऊब असते ती वेगळीच. त्यामुळे तुलनेची बशीही तितकाच वेळ, तशीच बाहेर ठेवावी लागते. आणि मोजणाऱ्याला कुठली बशी कोणती हे अजिबात कळता कामा नये. वाढ मोजताना रंग दिलेल्या पेशींत पन्नासेक पेशींचा पुंजका मोजायचा, लहान असेल तर सोडायचा, असा नियम असतो. पण काठावरच्या पुंजक्याचं काय करायचं, हे शेवटी बघणाऱ्याचा डोळाच ठरवतो.

संशोधक गॅरेट याउंट आणि सहकाऱ्यांचं २००४ सालचं काम मला या विषयात सर्वांत मोलाचं वाटतं. चिगाँग या श्वास-ध्यानाच्या चिनी पद्धतीच्या साधकांनी मानवी मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींवर बाहेरून उपचार केले. सुरुवातीच्या ८ प्रयोगांत वाढ किंचित जास्त दिसली. पुढच्या २८ प्रयोगांत फरक संख्याशास्त्राच्या कसोटीलाही उतरला: उपचाराचा काहीच परिणाम नसेल, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. बहुतेक जण इथेच थांबले असते. या गटाने आणखी ५८ प्रयोग केले, तेव्हा दोन्ही बश्यांत फरक उरला नाही. आणि हे सगळं त्यांनी एकाच शोधनिबंधात छापलं. स्वतःच्याच आशादायक निकालाची अशी फेरतपासणी करायला मोठा प्रामाणिकपणा लागतो.

२००८ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातल्या गटाने ‘थेरप्युटिक टच’ या हात जवळ धरून करायच्या ऊर्जा-उपचारामुळे त्वचा, स्नायुबंध आणि हाडांच्या पेशींची वाढ जोमाने होते, असं प्रसिद्ध केलं. तुलनेसाठी प्रशिक्षण नसलेली माणसं तशीच हात धरून उभी होती, ही त्या प्रयोगाची जमेची बाजू. पण याउंट यांचे २८ प्रयोग आठवले की मी त्यावर लगेच विश्वास ठेवू शकत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेने, बश्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक टाकून, तोच प्रयोग अनेकदा करायला हवा.