'मास्टरक्लास'मधला विद्यार्थी कुठे गेला?

मास्टरक्लास, म्हणजे गुरूने एकेका शिष्याला इतरांसमोर शिकवायचे, हा प्रकार नावारूपाला आणला तो पियानोवादक फ्रान्झ लिस्टने. १८६९ पासून १८८६ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो दरवर्षी काही महिने जर्मनीतल्या वायमारला राही. आठवड्यातून तीन दुपारी शिष्य त्याच्या घरी जमत. ज्याला वाजवायचे असेल त्याने स्वरलिपीची वही पियानोवर ठेवायची. लिस्ट त्यातली एखादी उचलणार, ती ज्याची असेल तो सर्वांसमोर वाजवणार आणि बाकीचे ऐकणार. फी नव्हती. बोटांची तयारी करून घेण्यात मात्र लिस्ट वेळ घालवत नसे, ती घरून करूनच यायचे.

संगीत विद्यालयांत आजही मांडणी बहुतांशी हीच आहे. दोन तासांत साधारण चार विद्यार्थी. प्रत्येकाने आठ-दहा मिनिटांची रचना न थांबता सादर करायची, उरलेली वीस मिनिटे गुरूची. अनुभवी गुरू एक-दोनच गोष्टी पकडतो: एखाद्या ओळीचा श्वास, एखादी लय. हाताची बैठक बदलायला घेतली तर अर्ध्या तासात जुनी सवय मोडते आणि नवी बसत नाही. विद्यार्थी आला होता त्याहून वाईट वाजवून उठतो. रचना कच्ची असली तर सगळा वेळ चुकलेले स्वर दुरुस्त करण्यातच जातो. आणि समोर श्रोते असल्यामुळे काही गुरू शिकवण्यापेक्षा किस्सेच रंगवत बसतात. हा दोष जुनाच.

म्हणजे गुरू, तयारीचा शिष्य आणि ऐकणारे असे तीन घटक. त्यातले ऐकणारे आधी वाढले. १९६० मध्ये चेलोवादक पाब्लो कॅसाल्सचे बर्कलीतले वर्ग चित्रित झाले, पाठोपाठ व्हायोलिनवादक यशा हायफेट्झचेही. ऑपेरा गायिका मारिया कॅलासने १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीत विद्यालयात घेतलेल्या वर्गांवरून टेरेन्स मॅकनॅली यांनी १९९५ मध्ये 'मास्टर क्लास' हे नाटक लिहिले आणि हा शब्द संगीताबाहेरच्यांच्याही कानावर पडला. नाटकातली कॅलास शिष्यांना चांगलीच बोचकारते. जुलियार्डच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारी बाई पुष्कळ शांत आणि कामाशी काम ठेवणारी आहे.

२०१५ मध्ये 'मास्टरक्लास' याच नावाची, चित्रित धडे विकणारी अमेरिकन कंपनी सुरू झाली. कादंबरीकार जेम्स पॅटरसन, अभिनेता डस्टिन हॉफमन आणि टेनिसपटू सेरेना विल्यम्स हे पहिले तीन शिक्षक, तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रम ९० डॉलरला होता. धडे उत्तम चित्रित केलेले, पण तुमचे काम गुरूसमोर सादर करून लगेच दुरुस्त करून घेण्याची सोय नाही. इथे शिष्य गळाला. क्रीडासमालोचनात तर शिकवणेही गळाले: कोणी अप्रतिम शतक ठोकले की तो 'फलंदाजीचा मास्टरक्लास'. ही लक्षणा आता रुळली आहे, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पैसे मोजून नाव नोंदवायचे असेल तेव्हा मात्र दोन प्रश्न विचारावेत. सादर करणाऱ्यांच्या जागा किती आणि प्रत्येकाला किती मिनिटे? उत्तर 'सगळ्यांना संधी मिळेल' असे आले आणि खुर्च्या दोनशे असल्या, तर ते व्याख्यान आहे. मग श्रोत्याइतकेच शुल्क द्यावे.