तज्ज्ञ-प्रतिक्रिया (विज्ञान-वार्तांकनातील)

आरोग्य किंवा पर्यावरण या विषयांवरील नवे संशोधन बातमीत येते, तेव्हा त्या संशोधनात सहभाग नसलेल्या, पण त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या जाणकाराने त्याचे बळ, मर्यादा आणि अर्थ यांविषयी पत्रकारांसाठी केलेल्या छोट्या भाष्याला तज्ज्ञ-प्रतिक्रिया म्हणतात. नियतकालिकाने शोधनिबंध स्वीकारण्यापूर्वी करून घेतलेल्या परीक्षणाहून ती वेगळी असते. परीक्षक संपादकाला सांगतो, की निबंध छापण्याजोगा आहे की नाही. प्रतिक्रिया देणारा वाचकाला सांगतो, की छापलेल्या निष्कर्षावर किती विसंबावे. निबंध छापून आला म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला, हा समज दूर करणे हेच या भाष्याचे मुख्य काम आहे.

हे काम थोड्या वेळात उरकावे लागते. मोठी नियतकालिके निबंध प्रसिद्ध होण्याच्या काही दिवस आधी पत्रकारांना देतात, मात्र ठरलेल्या दिवसापूर्वी आणि तासापूर्वी बातमी देऊ नये अशी अट घालतात. या अटीला ‘एम्बार्गो’ म्हणतात. तज्ज्ञाला मूळ निबंध, त्यातील तक्ते आणि पुरवणी माहिती वाचायला मिळते ती याच मुदतीत. मुदत संपल्यावर विचारलेल्या प्रश्नाला बहुधा केवळ प्रसिद्धिपत्रक वाचूनच उत्तर दिले जाते, आणि अशा उत्तराला फारशी किंमत देता येत नाही.

या पद्धतीला संस्थात्मक रूप ब्रिटनमध्ये मिळाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक निबंध आला. त्यावरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती पसरली आणि लसीकरणाचे प्रमाण घसरले. हा निबंध मागे घेतला गेला तो २०१० मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी. दरम्यान, विज्ञान आणि समाज यांच्यातील तुटलेल्या विश्वासाविषयीचा हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) समितीचा अहवाल २००० मध्ये आला, आणि २००२ मध्ये लंडनमध्ये पत्रकारांना तज्ज्ञ-प्रतिक्रिया मिळवून देणारे ‘सायन्स मीडिया सेंटर’ सुरू झाले. फिओना फॉक्स त्याच्या पहिल्या प्रमुख. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनी, स्पेन आदी देशांत याच धर्तीची केंद्रे उभी राहिली.

बाहेरच्या तज्ज्ञाचे मत टाळले तर काय होते, हे सप्टेंबर २०१२ मध्ये दिसले. जनुकीय बदल केलेला मका आणि तणनाशक यांमुळे उंदरांना गाठी होतात, असा दावा फ्रान्समधील झिल-एरिक सेरालिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निबंध आधी पाहू इच्छिणाऱ्या पत्रकारांकडून त्यांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या घेतल्या, त्यामुळे प्रसिद्धीपूर्वी कोणत्याही त्रयस्थाला विचारण्याची सोय उरली नाही. उंदरांच्या मोठमोठ्या गाठींची छायाचित्रे पहिल्याच दिवशी जगभर गेली. त्यानंतर तज्ज्ञांनी निबंध वाचून सांगितले, की वापरलेल्या जातीच्या उंदरांना दोन वर्षांच्या आयुष्यात एरवीही मोठ्या प्रमाणावर गाठी होतात आणि प्रत्येक गटात केवळ १० उंदीर असल्याने फरक योगायोगाचा नाही असे म्हणता येत नाही. नियतकालिकाने २०१३ मध्ये निबंध मागे घेतला. २०१४ मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला. गाठींची छायाचित्रे मात्र आजही फिरतात.

चांगली प्रतिक्रिया बहुतेक वेळा निष्कर्ष खोडून काढत नाही, त्याचे माप ठरवून देते. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारकांच्या वर्गवारीत तंबाखूच्याच, म्हणजे पहिल्या गटात घातले. दोन्ही तितकेच घातक आहेत, असा अर्थ अनेक बातम्यांनी काढला. वस्तुतः हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा सापेक्ष, म्हणजे मूळ धोक्याच्या तुलनेतला आहे. एखाद्या समाजात आयुष्यभरात १०० पैकी ६ जणांना हा रोग होत असेल, तर तितके मांस रोज खाणाऱ्या १०० जणांत तो साधारण ७ जणांना होईल. शंभरात एक माणूस वाढणे ही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही, पण ‘१८ टक्के’ या शब्दांनी वाचकाच्या मनात उमटते ते चित्र वेगळेच असते.

पर्यावरणाच्या बातम्यांत अडचण बहुधा नमुन्याची असते. जर्मनीतील ६३ संरक्षित ठिकाणी सापळ्यांत सापडलेल्या उडत्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचा निबंध ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. त्यावर भाष्य करताना हे वजन आहे, जातींची संख्या नव्हे, आणि बहुतेक ठिकाणी केवळ एका वर्षापुरतीच मोजणी झाली आहे, हे सांगणे आवश्यक होते. तेवढे सांगूनही ती घट गंभीरच ठरते.

अतिशयोक्तीचा दोष नेहमी वृत्तपत्रांच्या माथी मारला जातो, तो पूर्णतः खरा नाही. ब्रिटनमधील २० विद्यापीठांची २०११ मधील ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासणारा अभ्यास ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ३३ टक्के पत्रकांत कार्यकारणभावाचा, तर ३६ टक्के पत्रकांत प्राण्यांवरील प्रयोगांवरून माणसाविषयी अवास्तव दावा होता. बातमीतील फुगवटा अनेकदा संशोधकाच्या स्वतःच्याच संस्थेचा असतो.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. आयते भाष्य हाती आल्याने पत्रकार स्वतः शोध घेत नाहीत, आणि केंद्रांना उद्योगांकडूनही पैसा मिळतो, हे त्यांतील प्रमुख. लंडनच्या केंद्राने एका देणगीदाराचा वाटा सर्वसाधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवला आहे, आणि तज्ज्ञांचे हितसंबंध प्रतिक्रियेसोबत दिले जातात. ते जाहीर करण्यानेच आक्षेप मिटतो असे नाही, परंतु वाचकाला तोलून पाहता येते. दुर्दैवाने जागेअभावी बातमी खालून छाटली जाते, आणि त्रयस्थाचे मत बहुधा त्या शेवटच्या परिच्छेदातच असते. मराठी वाचकापर्यंत मग ‘एका अभ्यासानुसार’ एवढेच पोचते.

भारतात कोविड काळात शास्त्रज्ञांच्या स्वयंसेवी गटांनी असे काम केले. मे २०२४ मधील प्रकरण अधिक बोधप्रद आहे. कोव्हॅक्सिन घेतलेल्या ९२६ जणांना नंतर झालेल्या त्रासांविषयीच्या बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभ्यासाच्या बातम्यांनी घबराट पसरली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जाहीर आक्षेप घेतला: लस न घेतलेल्यांचा तुलनागट नाही, हे त्रास समाजात एरवी किती आढळतात याची आकडेवारी नाही, आणि माहिती लशीनंतर वर्षभराने दूरध्वनीवरून घेतली आहे. आक्षेप रास्त होते आणि निबंध पुढे मागे घेण्यात आला. तथापि कोव्हॅक्सिनच्या निर्मितीत परिषद स्वतः भागीदार होती. तिच्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणूच त्या लशीसाठी वापरला गेला. त्यामुळे तिचे म्हणणे बरोबर असूनही ते त्रयस्थाचे नव्हते, आणि तेच मुद्दे लशीशी संबंध नसलेल्या साथरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी बातमीत मांडलेले असते, तर ते अधिक सहज पटले असते.