इंजिन मागेल तेवढं ऑक्टेन

नाशिकमध्ये अगदी काठावर ट्यून केलेली गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर नेली, तर पहिल्या काही लॅपमध्येच ती नॉक करायला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके द्यायला, लागू शकते. पेट्रोलचा दर्जा तोच, मॅप (ठिणगी आणि इंधनाचं कोष्टक) तोच, चालवणाराही तोच. बदललेली असते ती हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ६-७ टक्क्यांनी कमी असतो. टर्बो (हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या इंजिनात तेवढी कमी हवा भरते, सिलिंडरमधला दाब कमी राहतो आणि थोड्या कमी ऑक्टेनवरही (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉक टाळण्याची क्षमता) भागतं. कसारा घाट उतरलात की ही सवलत संपली. टर्बो इंजिनाला तर ती इथेही पूर्ण मिळत नाही, कारण विरळ हवेची भरपाई टर्बो बऱ्याच अंशी करून टाकतो.

ऑक्टेनचा आकडा पंपावर लिहिलेला असतो, पण गरज किती हे इंजिन ठरवतं, आणि ती जागेनुसार, उकाड्यानुसार बदलते. ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने आधी ही गरज शोधावी आणि मग पेट्रोल निवडावं. आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं. पंपावरचं सगळ्यात महाग पेट्रोल भरायचं आणि ताकद वाढली असं धरून चालायचं.

नॉक म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. ऊस तोडल्यावर फडातलं पाचट एका बांधाकडून पेटवलं तर आग ओळीने पुढे सरकत जाते. सिलिंडरमध्येही तसंच व्हायला हवं. प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत तिथून कडेकडे पसरत जाते. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर क्रँकच्या एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो आणि हे जळणं साधारण दीड ते दोन मिलिसेकंदांत आटोपतं. ज्योत पुढे सरकताना तिच्यापुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ते फारच तापलं तर ज्योत पोहोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप आणि एकदम पेट घेतं. त्या धक्क्याने दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. ८० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनात त्यांची वारंवारता ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास येते. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर हाच आवाज ऐकत असतो. तो ऐकू आला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद कमी होते. सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत मात्र सांभाळून घेणारं कुणी नसतं. तिथे पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगमधल्या भिंती तुटतात.

आपोआप पेट घ्यायला इंधन किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी ही पट्टी सुचवली. सहज पेटणाऱ्या हेप्टेनला ० आणि चिवट आयसोऑक्टेनला १००. शुद्ध हेप्टेन सुरुवातीला जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या डिंकापासून मिळवत. मोजणी आजही एका सिलिंडरच्या खास इंजिनावर होते, ज्याचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) इंजिन चालू असतानाच कमीजास्त करता येतं. ६०० आरपीएमवर मोजलेला आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर). ९०० आरपीएमवर, मिश्रण जवळजवळ १५० अंशांपर्यंत तापवून मोजलेला तो एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर), आणि तो नेहमी कमी भरतो. भारतात पंपावर आरओएन सांगतात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. म्हणून अमेरिकन व्हिडिओत कुणी ९३ म्हणाला तर आपल्या हिशेबाने ते जवळपास ९८ असतं. हा फरक लक्षात न घेता तिकडचा मॅप इकडच्या गाडीत टाकणं महागात पडतं.

या मापात ऊर्जेचा उल्लेख कुठेच नाही. इथेनॉल बघा. त्याचा आरओएन १०८ च्या घरात आहे, पण किलोमागे ऊर्जा सुमारे २७ मेगाज्यूल. पेट्रोलची सुमारे ४३. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल स्वतःहून ताकद देत नाही. ते इंजिनाला जास्त कॉम्प्रेशन, जास्त बूस्ट (टर्बोचा दाब) किंवा जास्त आगाऊ ठिणगी सोसायला मदत करतं. ती मोकळीक ट्यूनिंगमध्ये वापरलीच नाही, तर पैसे फक्त सायलेन्सरमधून बाहेर जातात.

मग गरज शोधायची कशी? कॉम्प्रेशन रेशोवरून अंदाज येतो, पण तो अंदाजच. जुन्या जिप्सीसारखं ९ च्या आसपासचं इंजिन बीएस-६ मानकातल्या किमान ९१ वर सुखाने चालतं. हेडला कट मारून (सिलिंडरचं झाकण तासून) तेच ११ वर नेलं, तर ९५ चा विचार करावा लागतो. पण दहनकक्षाचा आकार, कॅम, कूलिंग, डायरेक्ट इंजेक्शन आहे की नाही, यावर उत्तर बरंच हलतं.

खरं उत्तर डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर मिळतं. ठरलेल्या आरपीएमवर, पूर्ण थ्रॉटलवर ठिणगी एकेक अंश पुढे घेत जायची आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघायचा. आधी टॉर्क वाढत जातो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. नॉकचा मागमूस नसताना टॉर्क वाढायचा थांबला, तर या इंजिनाला याहून जास्त ऑक्टेन नको. १०० भरलं तरी एक अश्वशक्ती वाढणार नाही. उलट टॉर्क अजून वाढत असतानाच नॉक आला, तर इंजिनाला इंधनाने अडवलं आहे आणि तिथे ९५, ९७ किंवा १०० भरल्याचा खरा फायदा होतो. माझ्या मते ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकाने पहिला खर्च या चाचणीवर करावा, एअर फिल्टर आणि एक्झॉस्टचा खर्च त्यानंतर.

डायनोवर सापडलेली हद्द तशीच मॅपमध्ये लिहू नये. ट्रॅकवर वीस मिनिटं जवळजवळ सतत पूर्ण थ्रॉटल असतो, बॉनेटखाली उष्णता साचते, आत जाणारी हवा तापते. मे महिन्यातल्या ४० अंशांत तर जास्तच. म्हणून एक-दोन अंश मागे राहावं, आणि गाडी घाट उतरून किनाऱ्याकडे जाणार असेल तर आणखी थोडं. सेशननंतर प्लग काढून भिंगाखाली बघायची सवय लावून घ्या. पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे ठिपके आणि त्यात ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर तो पिस्टनचा अंश आहे. गाडी पुन्हा ट्रॅकवर सोडू नका.

नाशकात एक प्रश्न हमखास निघतो: ओझरला विमानं आहेत, तर विमानाचं पेट्रोल मिळालं तर? एचएएलच्या ओझर कारखान्यात सुखोई तयार झाली, पण जेट विमानाचं इंधन हे रॉकेलच्या जातीचं असतं आणि त्याचं ऑक्टेन अगदी कमी असतं. ते पेट्रोल इंजिनात गेलं तर नॉकने इंजिन बसेल. पिस्टन-इंजिनाच्या छोट्या विमानांसाठीचं अ‍ॅव्हगॅस वेगळं, पण त्याच्या नेहमीच्या प्रकारात शिसं असतं. त्याने ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही निकामी होतात. बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरबद्दल एवढंच सांगतो: तिथे '३० पॉइंट' म्हणजे बहुधा ३ ऑक्टेन असतात, ३० नव्हे.

इथेनॉल मात्र बारकाईने बघण्यासारखं आहे. आता पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि ते आपल्या भागात पिकणाऱ्या ऊस-मक्यापासूनच बनतं. ते ऑक्टेन वाढवतं, बाष्प होताना मिश्रण थंडही करतं. पण साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर ई-२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) साधारण १३.५ पट. कार्ब्युरेटरची गाडी किंवा शुद्ध पेट्रोलसाठी लिहिलेला मॅप यावर लीन (हवेच्या मानाने कमी इंधनावर) चालतो आणि ऑक्टेनमधून मिळालेलं उष्णतेत जातं. कार्ब्युरेटरचे जेट (इंधनाची छिद्रं) मोठे करावे लागतात, मॅप पुन्हा लिहावा लागतो. आणि टाकीत इथेनॉल किती आहे हे आधी तपासावं. १०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घाला, हलवा, थांबा. हे उघड्यावर, आगीपासून लांब करा. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. खालचा थर २८ च्या आसपास आला, तर पेट्रोल ई-२० आहे.