भय आणि विश्वास (ख्रिस्ती धर्मविचार)

ख्रिस्ती धर्मविचारात भय हे विश्वासाच्या विरुद्ध टोकाला आहे, आणि विश्वासाच्या उंबरठ्यावरही तेच उभे आहे. बायबलमध्ये देवदूत आले की बहुधा आधी ‘भिऊ नको’ म्हणतात. त्यातल्याच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात मात्र (१:७) परमेश्वराचे भय हाच ज्ञानाचा प्रारंभ ठरतो. यातला बराचसा गुंता शब्दांचा आहे. हिब्रू ‘यिरा’मध्ये भीती, धाक आणि पूज्यभाव एकत्र नांदतात, ग्रीक ‘फोबोस’चेही तसेच. मराठीत ‘पापभीरू’ म्हटले की कोणी भित्रा समजत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मार्काच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग (४:३५–४१) या बाबतीत सावकाश वाचावा असा आहे. गालील सरोवरावर वारा उठतो, होडीत पाणी शिरते आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो. उशीचा तपशील एकटा मार्कच देतो. शिष्य त्याला उठवतात. तो वाऱ्याला दटावतो, सगळे शांत होते, आणि मग तो विचारतो : एवढे का घाबरता, अजून विश्वास नाही का? इथे मूळ शब्द ‘देइलोस’, म्हणजे भेकड. पण वारा पडल्यावर शिष्य सुटकेचा श्वास टाकत नाहीत. उलट त्यांना ‘मोठे भय’ वाटते, आणि या वेळी शब्द येतो तो ‘फोबोस’. बुडण्याची धास्ती संपली. वारा आणि पाणी ज्याचे ऐकतात तो हा कोण, या प्रश्नाने मात्र त्यांना घेरले. येशू भेकडपणाबद्दल बोल लावतो. या दुसऱ्या भयाबद्दल अवाक्षरही काढत नाही.

याच शुभवर्तमानाच्या सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत शेवटही भयावरच होतो : येशूची रिकामी कबर पाहून स्त्रिया पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात.

योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१८) पूर्ण प्रीती भयाला हाकलून देते, कारण भयात शिक्षेचा विचार असतो. प्राचीन चर्चमधील धर्मचिंतक ऑगस्टीनने या वचनावर सुई-दोऱ्याचा दाखला दिला. भय ही सुई, प्रीती हा दोरा. सुई आधी शिरते, पण ती बाहेर पडल्याशिवाय दोरा आत येत नाही. पुढे मध्ययुगीन धर्मपंडित टॉमस अक्वायनसने दासाचे भय आणि पुत्राचे भय असा भेद काटेकोरपणे मांडला. दास शिक्षेला भितो, पुत्र पित्यापासून दुरावण्याला.

हा भेद कागदावर सोपा, पण माणसाच्या मनात कोणते भय आहे हे ठरवणार कसे? जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला हे चांगलेच ठाऊक होते. २ जुलै १५०५ रोजी श्टोटर्नहाइमजवळ वीज कोसळली, तेव्हा जीव मुठीत धरून त्याने संत अ‍ॅनाला संन्यासी होण्याचा नवस केला आणि पंधरवड्यात तो मठात दाखल झाला. पुढे त्याने निव्वळ नरकाच्या धाकाने केलेला पश्चात्ताप माणसाला ढोंगी करतो, अशी भूमिका घेतली. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये ती नाकारली. पापाची इच्छा सोडली असेल आणि क्षमेची आशा असेल, तर असा अपुरा पश्चात्तापही देवाचेच दान, असा तिचा निर्णय. ल्यूथरनेही भय टाकून दिले नव्हते. धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांचा अर्थ सांगताना ‘देवाचे भय धरावे आणि त्याच्यावर प्रीती करावी’ हे पालुपद पुन्हा पुन्हा येते.

उपदेशकांनी अर्थात धाकाचा सढळ वापर केला. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेत एनफील्ड येथे धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌सच्या नरकावरील प्रवचनात श्रोत्यांचा आक्रोश इतका वाढला, की त्याला मध्येच थांबावे लागले. विसाव्या शतकात सूर बदलला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ ओटोने १९१७ मध्ये पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ दोन्ही असतात असे मांडले. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या सुधारित अंत्यविधीत न्यायाच्या भीषण दिवसाचे वर्णन करणारे ‘दिएस इरे’ हे लॅटिन स्तोत्र ठेवले नाही. उपासना-वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातील दैनिक प्रार्थनांत ते ऐच्छिक म्हणून उरले आहे.