खुबा बदललाय की हाड जोडलंय?

मी घरोघरी जाऊन व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाकडे पहिल्यांदा गेले की चहाच्या आधी एक प्रश्न येतो. "समोरच्या काकांचंही खुब्याचंच ऑपरेशन झालं होतं. ते तिसऱ्या दिवशी जिना चढून घरी आले. आमच्या आईला पंधरा दिवस झाले तरी पलंगापासून दारापर्यंत जाताना धाप लागते. काही चुकलं का हो?" विचारणाऱ्या मुलीचा चेहरा उतरलेला असतो आणि आई आतल्या खोलीतून सगळं ऐकत असते. म्हणून मी उत्तर मुद्दाम मोठ्याने देते: बहुधा काहीच चुकलेलं नाही. काकांचा झिजलेला सांधा बदललाय, आईंचं मोडलेलं हाड जोडलंय. टाके एकाच जागी, वॉकर दोघांकडे सारखाच, पण दुखणी दोन आहेत.

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. काकांचं दुखणं जुनं असतं. कधी संधिवाताने सांधा झिजतो, कधी गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो आतून ढासळतो. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. आपल्याकडे तो तिशी-चाळिशीतल्या माणसांतही दिसतो. स्टिरॉइड, दारू ही त्याची नेहमीची कारणं, आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजारही. यात गोळा काढून मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात, तिच्यावर नवा गोळा, आणि कमरेच्या हाडात नवी वाटी. हे टोटल हिप रिप्लेसमेंट. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली पॉलिएथिलीन या टिकाऊ प्लास्टिकची वाटी आणि धातूचा गोळा अशी जोडी वापरायला सुरुवात केली, तिथून आजची पद्धत रुळली.

आई बाथरूममध्ये घसरली. तरुण माणसाला नुसता मुका मार बसला असता, इथे ठिसूळ झालेलं हाड मोडलं. कुठे मोडलं यावर पुढचं सगळं अवलंबून. गोळ्याच्या लगेच खाली, मानेशी मोडलं तर गोळ्याकडे जाणारं रक्त तुटतं. उतारवयात ते हाड जुळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून बहुतेकदा नुसता गोळा बदलतात आणि वाटी आपली स्वतःचीच राहते. लोक त्याला 'बायपोलर' म्हणून ओळखतात. त्याहून थोडं खाली मोडलं तर तिथे रक्त भरपूर असतं, हाड जुळतं. तेव्हा आतून रॉड आणि स्क्रू घालतात, फाइलवर 'पीएफएन' असं लिहिलेलं असतं. नातेवाइकांनी सर्जनना पहिला प्रश्न हाच विचारावा: बदललं की जोडलं?

काका दवाखान्यात तयारीने जातात. साखर, बीपी, लघवीतला संसर्ग, किडलेले दात हे सगळं आधी तपासून झालेलं असतं. काहींनी तर वॉकर घरी आणून चालून पाहिलेलं असतं. आईला ॲम्ब्युलन्समधून थेट आणलेलं. वय जास्त, पोटात धड अन्न नाही, आणि रॉड घालावा लागणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये मांडीच्या आत बरंच रक्त साचतं. काही दिवसांनी गुडघ्यापर्यंत काळंनिळं उतरलेलं पाहून घरचे घाबरतात. ते तेच रक्त, वजनाने खाली आलेलं. हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतं, मग दोन पावलांत धाप लागते यात नवल काय?

इथे एक कळकळीची विनंती. "मुलगा अमेरिकेहून येऊ दे, मग बघू" म्हणत फ्रॅक्चरचं ऑपरेशन लांबवू नका. शक्य तर ४८ तासांच्या आत ते व्हावं, असं जगभरचे हाडांचे डॉक्टर सांगतात. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि पायातल्या गुठळ्या गाठतात. काकांचं ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं तर वेदना लांबते, एवढंच. आईच्या बाबतीत तेवढा वेळ हातात नसतो.

फ्रॅक्चरच्या पेशंटमध्ये आणखी एक गोष्ट पुष्कळदा होते, आणि तिची कल्पना घरच्यांना क्वचितच कुणी देऊन ठेवतं. एका आजोबांकडे ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर लेक रडत होती. रात्रभर आजोबा सलाईनची नळी ओढत होते, "बेल मार, स्टँड आलं" म्हणत होते. ते एसटीत कंडक्टर होते. भूल मेंदूला चढली, असं तिला वाटत होतं. मी विचारलं, यांचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठंय? हरवू नये म्हणून तिने पर्समध्ये जपून ठेवलं होतं. आम्ही दोन्ही लावलं, पलंग खिडकीकडे फिरवला, आज कोणता वार ते सांगितलं. ते लगेच ताळ्यावर आले असं नाही. त्याला चार दिवस लागले. पण त्यांनी लेकीला नावाने हाक मारली. हा भ्रम असतो, वेड नव्हे. संसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, एखादं औषध यांतलं काहीही त्यामागे असू शकतं, म्हणून ते नर्सला लगेच सांगायचं. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये हे बरंच कमी दिसतं.

आता घरी जाण्याचं. डिस्चार्ज कार्डावर तीन अक्षरं शोधा. एफडब्ल्यूबी म्हणजे पायावर पूर्ण वजन टाका, पीडब्ल्यूबी म्हणजे थोडं, एनडब्ल्यूबी म्हणजे अजिबात नाही. सांधा बदलला असेल तर बहुतेकदा पहिल्यापासून पूर्ण वजन चालतं. रॉडच्या पेशंटलाही हल्ली सोसेल तेवढं वजन टाकायला सांगतात, पण हाडाचे तुकडे झाले असतील तर सर्जन काही आठवडे थांबवतात. अक्षरं नसतील तर विचारून लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं गाडीत बसेपर्यंत विसरतं.

सगळ्यात मोठा घोळ वाकण्याचा. बदललेला गोळा वाटीतून निसटू शकतो. म्हणून पहिले दीड ते तीन महिने मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली पडलेली चप्पल वाकून उचलायची नाही. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, म्हणजे खोल सोफा आणि भारतीय शौचालय बाद. ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल तर हे नियम कडक, पुढून केलं असेल तर वेगळे आणि बरेचदा सैल. जमिनीवर बसायला पुष्कळ सर्जन कायमचीच मनाई करतात. रॉड घातलेल्या माणसाचा सांधा मात्र स्वतःचाच असतो, त्याला निसटण्याची भीती नाही. दुखेल तिथे थांबायचं, एवढाच नियम. त्याने तर पाय वाकवायलाच हवा.

आणि घरोघरी नेमकं उलटं चाललेलं असतं. समोरच्या काकांचे नियम ऐकून रॉडवाल्या आईला लाकडासारखं ताठ निजवतात, गुडघा आखडतो. रॉडवाल्या मावशी पाटावर बसतात हे पाहून बदललेल्या खुब्याचे काका सणाच्या पंगतीत खाली बसतात आणि गोळा निसटतो. बायपोलरवाल्यांची तर दोन्हीकडून ओढाताण. पडले फ्रॅक्चरवाल्यांसारखे, पण बसण्या-उठण्याचे नियम बदललेल्या सांध्याचे.

अचानक कळ आली, पाय आखूड दिसू लागला, वजनच टाकता येईना, तर गोळा निसटलाय असं समजा. ओढाओढ नको, हाडवैद्य नको, सरळ दवाखाना. रॉडचं बिघडणं बहुधा हळू असतं: कमी होत आलेलं जांघेतलं दुखणं पुन्हा दिवसागणिक वाढत जातं. ते अंगावर काढू नका.

काही गोष्टी दोघांनाही सारख्या. टाके १२ ते १४ दिवसांनी निघतात. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा पोटातलं इंजेक्शन बरेचदा ३५ दिवसांपर्यंत चालतं, मधेच सोडायचं नाही. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक श्वास लागला तर लगेच निघा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. बाथरूमच्या दाराशी पडलेलं पायपुसणं मी स्वतः उचलून बाजूला ठेवते.

खुबा किंवा गोळा बदलला असेल तर इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर कार्डावर चिकटवलंय ना, ते पाहा. २०१० साली धातूवर धातू फिरणाऱ्या एका प्रकारचे खुबे जगभरातून परत मागवले गेले, तेव्हा भारतातल्या अनेक पेशंटचा पत्ताच लागला नाही.

फ्रॅक्चरवाल्यांच्या फाइलमध्ये मी आणखी एक कागद शोधते आणि बहुतेकदा तो नसतो: हाड ठिसूळ का झालं, याचा उपचार. कॅल्शियमची गोळी असते, पण ती पुरत नाही. एक खुबा मोडला की दुसराही मोडण्याचा धोका वाढलेला असतो. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक ॲसिड आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आहे. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दोन्हींच्या आधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं. टाके काढायला जाल त्या दिवशी, ड्रेसिंग चालू असतानाच सर्जनना विचारा: "हाडं मजबूत करायचं औषध कधी सुरू करायचं?"