तेलविहीर म्हणजे नळ नव्हे

‘महामारीत मागणी पडली की तेलविहिरी बंद करतात, मागणी वाढली की लगेच उघडतात,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे. काही विहिरी बंद होतात, पण फुकटात नाही. उपसा थांबला की नळीतलं तेल निवतं, त्यातलं मेण आतून चिकटून बसतं. कुठे पाणी शिरतं, कुठे लोखंड गंजतं. पुन्हा सुरू करायचा खर्च जेमतेम तेल देणाऱ्या जुन्या विहिरीला परवडत नाही, ती कायमची मिटते.

म्हणून हात आधी आखडतो तो नव्या खोदकामावर. रिगवरचे, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रावरचे, कामगार, ट्रकचालक, दुरुस्तीवाले तिथेच बेकार होतात.

पडताळायचंय? एखाद्या तेलप्रदेशातल्या, मागणी पडली त्या काळातल्या चालू रिगांचे आणि मासिक उत्पादनाचे आकडे शेजारीशेजारी मांडा. रिगांची घसरण बहुधा जास्त खोल दिसेल.